समासात

वाचक म्हणावं असा मी नाही.
लिफ्ट दुरुस्त करतो, दादर ते लोअर परळ,
आणि गोडाऊनमधून पार्ट येईपर्यंत
गच्चीवरच्या मशीन रूममध्ये
उलट्या बादलीवर बसून वाचतो.
खाली कुणी अडकलेलं नसेल तेव्हाच.

असंच करत गेल्या दोन महिन्यांत चार पुस्तकं संपली.
त्यातली सहाशे पानी कादंबरी एका घराण्याची.
माणसं वयाच्या क्रमाने मरतात,
रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी.
लक्षात राहिली ती धाकटी जाऊ.
तीन पिढ्यांची भांडी घासताना
एकदाच म्हणते, "मला उसाचा रस प्यायचाय."
कुणी देत नाही.
लेखकही देत नाही, पुढच्या प्रकरणात निघून जातो.
त्या संध्याकाळी मी दोन बाटल्या रस घरी नेला.
बायको म्हणाली, आज काय विशेष?
काय सांगणार.

खलाशाच्या आत्मचरित्राचा शेवटचा फॉर्माच गहाळ.
एडनच्या बंदरात अंगात ताप,
आणि पान उलटलं तर पुठ्ठा.
ग्रंथालयातल्या रेगेबाई म्हणाल्या,
"स्वतःच लिहिलंय ना? मग वाचला असणार."

कविता कळल्या नाहीत, खोटं कशाला बोलू.
एकीत म्हटलं होतं, जिना हा इमारतीचा कणा.
आमच्या धंद्याला पटण्यासारखं नाही ते.
तरी पुस्तक आठवडाभर जास्त ठेवलं,
दंड भरून.

पण बोलायचं होतं ते रहस्यकथेबद्दल.
प्रकरण सतरा. सातवा मजला.
खुनी लिफ्टचं दार ओढून ठेवतो,
आत लिफ्ट नाही, नुसता काळोख,
आणि शेटजी बोलता बोलता पाऊल टाकतात.
मी पुस्तक मिटलं.
अहो, इंटरलॉक असतो!
लिफ्ट मजल्यावर नसेल तर दार उघडतच नाही.
या गृहस्थांनी एखाद्या मेकॅनिकला
एक कटिंग पाजला असता तरी कळलं असतं.
खिशातून पेन्सिल काढली, समासात लिहिलं:
"असं होत नाही. दार उघडत नाही."
शेजारी अंगठा उमटला ग्रीसचा,
सही केल्यासारखा.

माझा मदतनीस इनास, वसईचा.
माझी चिडचिड ऐकून ऐकून
त्यालाही ती वाचावीशी वाटली.
म्हणून महिन्याभराने पुन्हा आणली.
सवयीने तेच पान काढलं.
माझ्या ओळीखाली
बारीक, तिरप्या अक्षरात, पेन्सिलीनेच, न दाबता:
"आमच्याकडे उघडलं होतं."

एवढंच.
इमारत नाही, साल नाही,
कोण ते नाही.

रेगेबाईंना विचारलं, मधे कुणी नेलं होतं हे?
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"कोण काय वाचतं ते मी सांगत नसते.
तुमचंही कधी कुणाला सांगितलेलं नाही."
मागच्या चिठ्ठीवर नुसते तारखांचे शिक्के.
दोन तारखांच्या मधे कुणीतरी
ते पान उघडून बसलं होतं.

इनासने पोरीच्या कंपासमधलं रबर आणलं.
मी माझी ओळ खोडायला घेतली,
"असं" एवढं पुसलं,
आणि थांबलो.
वरची ओळ गेली
तर खालच्या ओळीने कुणाशी बोलायचं?
आता तिथे आहे: "होत नाही. दार उघडत नाही."
वाचायला विचित्र वाटतं. असू दे.

हल्ली काम संपलं की
प्रत्येक मजल्यावर उतरून दार हाताने ओढून बघतो.
इनास म्हणतो, भाऊ, आत्ताच तर बघितलं.
हो म्हणतो.
पुन्हा ओढतो.
उघडत नाही.

खुनी पुतण्या निघाला, बाय द वे.
ते मला साठाव्या पानावरच कळलं होतं.